आरतीने पाडलेले रणगाडे

टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला कुठल्याही घरात थेट बैठकीपर्यंत प्रवेश मिळतो, हा आमच्या धंद्याचा सगळ्यात मोठा फायदा. नव्वदच्या दशकात मी नगरमध्ये हा धंदा करायचो, आणि लष्करातून निवृत्त झालेल्या एका रिसालदारसाहेबांच्या घरी एकाच महिन्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा टीव्ही खरोखर बिघडला होता. दुसऱ्यांदा मीच एक वायर कच्ची ठेवून आलो होतो. तिसऱ्यांदा अँटेनाची वायर त्यांच्या मुलीने ओढून काढली होती, आणि ते मला मागचं झाकण न उघडताच कळलं. एवढं झाल्यावर माझ्या मामांनी रीतसर जाऊन विचारणं भागच होतं.

साहेबांनी मामांना चहा पाजला आणि सांगितलं, "पोरगं गोड बोलतंय. पन त्याच्या कामावर भरवसा बसला पायजे. आधी त्यानं मला टारगेट करून द्यावं, मग सोयरिकीचं बगू."

साहेबांची सगळी नोकरी रणगाड्याच्या तोफेवर गेलेली. घरी बसून हात शिवशिवायला लागले म्हणून त्यांनी हातभर लांबीचा लाकडी रणगाडा केला होता. पट्टे सायकलच्या ट्यूबचे आणि रेडिओ कंट्रोल मोडक्या खेळण्यातला. गणपतीत कॉलनीच्या मंडळाचा देखावा म्हणून त्यांना लढाई दाखवायची होती. गोळा म्हणजे नळीतून सुटणारा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसला. तो लागला की शत्रू आडवा पडला पाहिजे.

"मंडळाची पोरं नुसती 'लागलं, लागलं' वरडत्यात," ते मला म्हणाले. "मला पंच पायजे, टाळ्या वाजवनारा न्हाई."

मी गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाच रणगाडे केले. प्रत्येकाच्या पोटात किरण ओळखणारा एक डोळा, मागे दारावरच्या बेलची कॉइल. किरण पडला की कॉइल खिट्टी ओढणार आणि पत्रा पालथा. दुकानात दहा वेळा पाडून बघितले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. अकराव्यांदा बघायचं राहून गेलं.

पहिल्या संध्याकाळी आरती सुरू झाली. साहेबांचा रणगाडा अजून फडक्याखाली झाकलेला होता. कापूर पेटवलेलं ताट डावीकडून उजवीकडे फिरलं आणि माझे पाचही शत्रू क्रमाने आडवे झाले. कापराच्या ज्वाळेतही इन्फ्रारेड असतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. आरती असते हेही लहानपणापासून ठाऊक होतं. दोन्ही एकाच डोक्यात असून त्यांची कधी गाठ पडली नव्हती. लोकांना तो देखाव्याचाच भाग वाटला. "मोरया!" असा जयघोष झाला. साहेब तेवढे फडक्याचं टोक हातात धरून उभे होते.

"लढाई संपली," ते म्हणाले. "आमी तोफ काढायच्या आतच."

त्यांच्या मुलीने प्रसादाचं पातेलं तोंडाआड धरलं होतं आणि पातेलं हलत होतं. माझी लाज निघाली खरी, पण तिला इतकं हसवलं याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू?

मग मी प्रत्येक रणगाड्यात टीव्हीतला रिसीव्हर बसवला. रिमोटचा किरण फार वेगाने लुकलुकतो, आणि हा रिसीव्हर तेवढंच लुकलुकणं ओळखतो. कापराला, दिव्याला भीक घालत नाही. साहेबांच्या तोफेत बटणं झिजलेल्या एका रिमोटचं सर्किट घातलं. आता आरती कितीही वेळ चालली तरी शत्रू ढिम्म उभे.

शेवटच्या दिवशी छावणीतून साहेबांचे जुने सोबती आले. साहेब ओरडले, "फायर!" पहिला पडला. दुसरा गोळा चुकला. परत मारला, परत चुकला. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सोबत्यांसमोर त्यांचा चेहरा उतरलेला मला बघवेना. शिवाय उद्या त्यांच्याकडून होकार हवा होता, तो रागावलेल्या माणसाकडून कसा मिळणार?

माझ्या बाहीत एक रिमोट होता, किरण एकाच पत्र्यावर पडावा म्हणून तोंडाला काळ्या कागदाची नळी लावलेला. टारगेट तपासायला आणला होता, असं मी स्वतःला सांगत होतो.

"फायर!" मी बटण दाबलं, दुसरा पडला. मग तिसरा, मग चौथा. टाळ्यांचा नुसता पाऊस. शेवटच्या "फायर!"ला मी बटण दाबलं तेव्हा बघत होतो साहेबांच्या मुलीकडे. पाचवा पडला आणि टाळ्या मात्र वाजल्या नाहीत. मान वळवून बघतो तर साहेबांनी तोफ उलटी फिरवून मोदकांच्या ताटावर रोखली होती.

ते माझ्यासमोर आले. हात पुढे केला. मी रिमोट दिला. त्यांनी माइक घेतला.

"एक मी पाडला. चार या पंचानं पाडलं. टारगेट उबी करा रं."

मान खाली घालून मीच उभी केली. संपलं सगळं, असं वाटलं.

साहेबांनी पुन्हा पाच गोळे मारले. पहिला लागला. पुढचे तीन वाया गेले, आणि दर वेळी त्यांनी स्वतःच माइकवर सांगितलं, "चुकला." पाचव्याला पत्रा हलला नाही. "चुकला," ते म्हणाले आणि माइक खाली ठेवायला लागले. मी पत्र्यांच्या शेजारीच उभा होतो. कॉइल टक् वाजलेली मी ऐकली होती.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "लागला. माझी खिट्टी अडकली."

सगळं मंडळ हसलं. आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? एक जण ओरडला, "जावईबापू, पुरे!" साहेब हसले नाहीत. ते चालत आले, गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि खिट्टीवरून बोट फिरवलं. पडून पडून पत्र्याची कड दुमडली होती, खिट्टी तिच्यात रुतून बसली होती. त्यांनी नखाने ती सोडवली. पाचवा रणगाडा त्यांच्या पायाशी पालथा झाला.

गुडघे झटकत ते उठले आणि माइकशिवायच मला म्हणाले, "उद्या मामाला घिऊन ये. आन येताना कानस आन, ही कड घासाय लागंल."