बसण्याचा इतिहास शिकवणाऱ्या बाई

श्रीमती सुशीलाबाई गंधे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या कारखान्याच्या फरशीवर उताण्या पडून एका जुन्या खुर्चीचे पोट न्याहाळत होत्या. साल एकोणीसशे सत्तर. मुंबईहून गृहसजावटीची पदविका घेऊन, नवी कोरी टेरिलिनची पँट घालून मी नोकरीच्या मुलाखतीसाठी आमच्या जिल्ह्याच्या गावी झेंडीगेटजवळच्या त्यांच्या फर्निचरच्या कारखान्यात गेलो होतो. मालकीणबाई कुठे आहेत असे विचारल्यावर एकनाथ मिस्त्रींनी हातातला रंधा न थांबवता हनुवटीने खाली दाखवले. "त्या काय, खुर्चीखाली हायत."

खुर्चीखालून आवाज आला, "कोण आहे? या, तुम्हीही या खाली."

आमची मुलाखत अशी झाली. शेजारी शेजारी उताणे पडून, बाईंच्या हातातल्या विजेरीच्या उजेडात. पायांना जोडणारी आडवी पट्टी मध्येच का झिजली असेल, असे त्यांनी मला विचारले. मी वाळवीचे नाव घेतले. त्यावर एखाद्या मुलीला गाभुळलेली चिंच सापडावी इतक्या आनंदाने त्या म्हणाल्या, "अहो, बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकतच नव्हते! बिचारा जन्मभर या पट्टीवर टाचा घासत बसला. खुर्ची करणाऱ्याला त्याची उंची कोणी सांगितलीच नाही." पँटीचे वाटोळे झाले, नोकरी मात्र मिळाली. बाईंच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या या गौरवग्रंथात लिहायला मला सांगितले गेले, याचा आनंद मला लपवता येत नाही आणि लपवायचाही नाही.

बाई मूळच्या चित्रकलेच्या शिक्षिका. म्हणून तर वयाने वडील असलेले सुतारही त्यांना 'बाई'च म्हणतात. यजमान अचानक गेल्यावर त्यांनी शाळा सोडली आणि दीर भाऊसाहेब यांच्या जोडीने कारखाना हाती घेतला. व्यवहार भाऊसाहेबांकडे, काम बाईंकडे. लाकडातले आपल्याला काही कळत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी मिस्त्रींना सांगून टाकले आणि शिकायला सुरुवात केली. पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी फर्निचरच्या आणि वास्तूंच्या इतिहासाचे जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणले. शेजारी शब्दकोश ठेवून, शाळेच्या वह्यांत टिपणे काढत त्यांनी ते वाचले. माणूस जमिनीवरून उठून खुर्चीवर कधी आणि कशासाठी बसला, राजाचे आसन उंच का, शाळेच्या बाकाला टेकायला पाठ का नसते, खोलीची उंची आणि खिडकीची जागा कोण ठरवते, हे सगळे त्यांना समजून घ्यायचे होते. आणि समजले की त्यांना ते एकटीपुरते ठेवताच यायचे नाही.

त्यातून निघाला सोमवारचा वर्ग. सोमवारी सकाळचे पहिले दोन तास करवतीला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम होता. सुतार, पॉलिशवाले, गादीवाले आणि मी असे सगळे भुशावर पोती टाकून बसायचो आणि बाई फळ्यावर चित्रे काढायच्या. कधी वर्ग सायकलींवर बसून फराहबागेतल्या जुन्या महालात जायचा. ऐन वैशाखात तिथल्या उंच दालनात बाईंनी आम्हा प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्राची एकेक पट्टी दिली आणि वारा कुठून येतो, कुठे जातो ते शोधायला लावले. दहा-बारा मिशाळ माणसे कागद हलवत महालभर फिरताहेत हे पाहून तिथल्या रखवालदाराला आमच्या डोक्याविषयी शंका आली. पण पुढच्याच महिन्यात नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कचेरीचे काम आले. मालकांना सगळीकडे प्लायवूडचे बुटके छत हवे होते. बाईंनी कागदाच्या पट्टीचा तोच खेळ त्यांना करून दाखवला, छत रद्द करायला लावले आणि समोरासमोर उंचावर झरोके काढून घेतले. पुढच्या उन्हाळ्यात मालकांचा निरोप आला की कचेरी सुटली तरी कारकून घरी जायला तयार नाहीत!

भाऊसाहेबांना मात्र हा वर्ग पटत नव्हता. माणूस सरळ, वहिनींविषयी मनात नितांत आदर, पण सगळे काम घड्याळावर. एका सोमवारी ते सर्वांदेखत म्हणाले, "वहिनी, तिकडे गिऱ्हाईक खोळंबलंय आणि इकडे आपली माणसं राजाराणीच्या गोष्टी ऐकतायत. हे किती दिवस चालायचं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "सोसायटीच्या सभागृहाचं काम आलंय ना? त्या कामात या वर्गाचा उपयोग दिसला नाही, तर वर्ग मी स्वतः बंद करीन."

हे काम सोनईच्या बाजूच्या एका गावातल्या सहकारी सोसायटीचे होते. बाईंनी ते विश्वासाने माझ्यावर सोपवले आणि एवढेच सांगितले, "आधी आठ दिवस गावात जाऊन या. माणसं कशी बसतात ते बघा." मी गेलो नाही. खरे सांगायचे तर मला त्याची गरजच वाटली नाही. गावात बघण्यासारखे ते काय असते! मीही खेड्यातलाच, पारनेर तालुक्यातला. शिवाय माझ्याजवळ परदेशी मासिक होते, त्यात खुर्चीची अचूक मापे होती. दोन डझन खुर्च्या मी त्या मापाने करून घेतल्या. सडसडीत पाय, गोलसर हात, वर तपकिरी रेक्झीन. एकनाथ मिस्त्री एकदा म्हणाले, "साहेब, जरा आखूड वाटतीया बैठक." मी त्यांना मासिकातले चित्र दाखवून गप्प केले.

उद्घाटनाला तीन आठवडे होते तेव्हा संचालक मंडळाने नव्या सभागृहात पहिली बैठक घेतली. बाई, भाऊसाहेब आणि मी भिंतीशी उभे होतो. चेअरमन रामभाऊ खुर्चीत बसले. दोन मिनिटांत त्यांनी वहाणा काढल्या आणि सवयीने एक पाय वर घ्यायला गेले, तर गुडघा खुर्चीच्या हातात अडकला. दुसरा घेऊन पाहिला, तोही अडकला. मग ते उठले, खांद्यावरचे उपरणे फरशीवर अंथरले आणि खाली मांडी घालून बसले. त्यांच्यामागून एकेक करत सगळे संचालक खाली उतरले. सभा व्यवस्थित पार पडली. माझ्या खुर्च्या वर रिकाम्या आणि माणसे खाली!

रामभाऊ भला माणूस. जाताना मलाच समजावू लागले, "खुर्च्या लई झ्याक हायत बरं का. पन मांडी घातल्याबिगार आमाला काय सुचतच न्हाई, त्याला तुमी तरी काय करनार?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले होते. तेवढ्यात बाई पुढे होऊन म्हणाल्या, "रामभाऊ, चूक माझी आहे. आराखडा मी तपासायला हवा होता. उद्घाटनाच्या आत बदलून देते." त्या कामावर माझे नाव होते, पण ते त्यांनी उच्चारलेही नाही. वर्ग संपला, हे आम्हा तिघांनाही कळले होते.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला. बाईंनी तो वाचला, घडी करून मला परत दिला आणि म्हणाल्या, "हा मागाहून बघू. आज तुम्ही घरी जा. वडील कसे बसतात ते बघून, मोजून या. सोमवारी वर्ग आहे. शेवटचा असेल, पण आहे."

मी पारनेरच्या गाडीत बसलो. घरी गेलो तर वडील ओट्यावर एक मांडी मोडून, दुसरा गुडघा उभा करून बसले होते, चोवीस वर्षे रोज बसत होते तसेच. मी ते कधी पाहिलेच नव्हते! मी टेप काढून त्यांचे गुडघे मोजू लागलो तेव्हा ते हसायला लागले. "काय रं, कापडं शिवतू का काय?"

"न्हाई आबा. खुर्ची करायचीय."

"मग माझं माप कशापायी घेतू? मी काय संचालक हाय व्हय?"

मी त्यांच्या दुसऱ्या गुडघ्याला टेप लावला. डोके भराभर चालायला लागले आणि परतीच्या गाडीत मी चार पाने आराखडे काढले.

सोमवारी बाईंनी माझी खुर्ची वर्गाच्या मधोमध ठेवली. भाऊसाहेबही दाराशी येऊन उभे राहिले. बाईंनी विचारले, "ही कुणाच्या अंगाची आहे?"

"सायबाच्या," एकनाथ मिस्त्री म्हणाले. "पाय खाली सोडून, बूट घालून बसनाऱ्याच्या."

मग बाईंनी फळ्यावर जुन्या कचेरीचे चित्र काढले. खुर्चीवर साहेब, खाली बैठकीवर उतरत्या मेजाशी कारकून आणि या दोघांसमोर हात जोडून उभा शेतकरी. "खुर्ची आपल्याकडे आली ती अशी," त्या म्हणाल्या. "या माणसानं खुर्ची बघितली, ती तिच्यासमोर उभं राहून. आज तो संचालक झालाय. आता त्याला बसवायचंय."

एकजण म्हणाला, "मग गाद्या टाकू की, लोड देऊ."

"आणि तपासणीला अधिकारी आले, की ते खुर्चीवर आणि हे पुन्हा खाली?" बाईंनी विचारले.

सगळे एकाच वेळी बोलायला लागले! तो तास मी जन्मात विसरणार नाही. अधिकारी आणि शेतकरी एकाच उंचीवर बसले पाहिजेत, एकाला पाय सोडता आले पाहिजेत आणि दुसऱ्याला मांडी घालता आली पाहिजे, असे आसन हवे होते. मी वडिलांची मापे फळ्यावर लिहिली. गादीवाल्यांनी पेढीवरच्या बैठकीची रुंदी सांगितली. एकनाथ मिस्त्री ताडकन उठले, माझ्या दोन खुर्च्या उचलून शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "मधले हात कापा. दोनाची एक करू. पाय चार बोटं उतरवू आन् पुढून फळी वाढवू." दोन तास कधीच होऊन गेले होते. करवत चालू करा असे कोणी म्हणेना, आणि गंमत म्हणजे भाऊसाहेबही म्हणेनात.

दोन डझन खुर्च्यांची बारा आसने झाली. पुढचे पंधरा दिवस मी आणि मिस्त्री गावात जाऊन दिसेल त्या म्हाताऱ्याला नमुन्याच्या आसनावर बसवत होतो. उंची दोनदा बदलली. खाली वहाणांसाठी मोकळी जागा ठेवली. माझा राजीनामा खिशातच राहिला आणि धोब्याकडे जाऊन त्याचा लगदा झाला.

उद्घाटनाला जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी आले होते. सूट-बूट घातलेले, उंचपुरे. ते एका आसनावर पाय सोडून बसले. शेजारच्या आसनावर सोसायटीतले सर्वांत वयस्कर संचालक तात्या होते. तात्यांनी वहाणा काढल्या, पाय वर घेतले आणि ऐसपैस मांडी घातली. त्यांचे डोके बरोबर अधिकाऱ्यांच्या डोक्याच्या उंचीला आले. अधिकाऱ्यांनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले. मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि त्यांनीही मांडी घातली!

तात्या रामभाऊंकडे वळून म्हणाले, "माझा बाप कचेरीत दिसभर हुबा ऱ्हायचा. बस म्हनलं न्हाई कुनी कदी. आन् आज बग, सायेब माझ्या शेजारी मांडी घालून बसलाय."

मी बाईंकडे पाहिले. त्या पदराने चष्मा पुसत होत्या.

पुढच्या सोमवारी वर्गात पोते अंथरून सर्वांत आधी बसलेले गृहस्थ म्हणजे भाऊसाहेब. हातात कोरी वही होती. "वहिनी, सुरू करा," ते म्हणाले, "उशीर होतोय." तेव्हापासून त्यांचा एकही सोमवार चुकलेला नाही.

बाईंनी सध्या स्वयंपाकघराचा इतिहास अभ्यासायला घेतला आहे. चुलीपुढे वाकून आणि उकिडवे बसून बायकांच्या कमरेचे काय झाले, उभ्या ओट्याची उंची कोणी आणि कुणाच्या मापाने ठरवली, हे शोधायला त्या टेप घेऊन गावोगाव फिरत आहेत. तिकडून आल्या की कारखान्याच्या दारातूनच सांगायला सुरुवात करतात. साठाव्या वर्षी त्यांना जेवढे प्रश्न पडतात, तेवढे मला तिशीच्या आत पडत नाहीत, हे मला कबूल केले पाहिजे.

सत्कार समितीने बाईंसाठी व्यासपीठावर एक उंच, कोरीव आसन ठेवायचे ठरवले होते. बाईंना हे कळताच त्यांनी निरोप धाडला, "माझी खुर्ची इतरांपेक्षा बोटभर जरी उंच दिसली, तरी मी कार्यक्रमभर उभी राहीन." बाई बोलल्या तसे करतात हे आम्हांला ठाऊक असल्याने व्यासपीठच रद्द झाले आहे. त्या दिवशी आपण सगळे कारखान्यातच त्यांच्यासोबत एकाच सतरंजीवर बसणार आहोत. पारनेरहून माझे वडीलही येणार आहेत. माझ्या कामाच्या जागी ते पहिल्यांदाच येत आहेत आणि बसायचे कुठे, हे त्यांनी मला विचारलेले नाही.

बाई, तुम्हांला उदंड आयुष्य लाभो. डोळे असेच तेज राहोत, प्रश्न असेच पडत राहोत आणि शंभराव्या वाढदिवसालाही कोणाचा हात न धरता तुम्हांला आमच्यात मांडी घालून बसता येवो.