तीन पाण्यांनी धुतलेली ज्वारी

डोणगावला माझं सासर. गावात संकरित ज्वारी पहिल्यांदा पेरली, त्या वर्षी मला सहावा महिना लागला होता. पेरणी होऊन थोडं बियाणं उरलं. कणसांवर काणीचा रोग पडू नये म्हणून त्याला पाऱ्याचं गुलाबी औषध चोळलेलं होतं. धान्य फेकणं सासूबाईंना पाप वाटे. त्यांनी ते तीन पाण्यांनी धुतलं, वाळवलं आणि रोज मूठमूठ कोंबड्यांना घालू लागल्या.

पंधरवड्यात अंडी कमी झाली. काही तर कवचाशिवायच यायची, ओल्या पातळ पिशवीसारखी. जी धड निघत ती सासूबाई मला उकडून देत. "खाय वं, पोटातल्याले ताकद येते," म्हणत समोर बसून राहत. मग कोंबड्या माना वाकड्या करून गोल गोल फिरायला लागल्या आणि एकेक करून मेल्या.

पीक पाहायला आलेल्या ग्रामसेवकानं उरलेले दाणे ओळखले.

"अंडी कोणी खाल्ली?" त्यानं विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्या तं तीन पाण्यानं धुतली होती ना जवारी!"

"पारा धुतल्यानं जात नाही, आजी."

मला मुलगी झाली. तिला मान धरायलाच वर्ष लागलं आणि ती कधी चालली नाही. अंड्यांमुळेच असं झालं, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. मीही सासूबाईंना कधी बोल लावला नाही. त्या मात्र जिवंत होत्या तोवर नातीला दुसऱ्या कुणाला भरवू देत नसत, आणि प्रत्येक घास आधी स्वतः चाखून बघत.