पाइपातलं फडकं

आमच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे गोगलगाय म्हणतात. दुसरे मेकॅनिक दिवसाला तीन गाड्या हातावेगळ्या करतात, हा एकच घेऊन बसतो. मी काउंटरवर जॉब कार्डं लिहिते, गिऱ्हाइकांची बोलणी मलाच खावी लागतात, त्यामुळे त्याच्यावर सगळ्यात जास्त मीच खेकसलेय. पण त्याने हात लावलेली गाडी तक्रार घेऊन परत यायची नाही. एकवीस वर्षांत आली ती एकच, आणि तिने एका माणसाचं वाटोळं केलं.

त्याची एक सवय होती. इंजिनावरचा कुठलाही पाइप काढला की त्याच्या तोंडात फडकं कोंबायचं, म्हणजे चुकून एखादा नट आत पडायला नको. वर्कशॉपमधल्या कापडाचे धागे सुटतात म्हणून हा फडकी घरून आणायचा. बायकोचे विटलेले गाऊन, मुलीचे आखूड झालेले फ्रॉक. "काय रे, आज कोणाचे कपडे फाडून आलास?" असं कोणी ना कोणी रोज विचारायचंच. तो नुसता हसायचा.

ती गाडी म्हणजे एका बड्या साहेबांची काळी एसयूव्ही. नुसतं दार ओढायला दोन हात लागावेत अशी. अकरा वर्षं साहेबांच्याच गाड्या चालवणारे ड्रायव्हरकाका ती आणायचे. सर्व्हिसिंग करून नेली आणि आठवड्यात काका परत हजर.

"ताई, गाडीला पिकअपच नाही हो. पाय पूर्ण दाबला तरी ढिम्म. चढावर मागून काळा धूर, आणि साहेब मागे बसून विचारतात, झोप लागली का?"

गोगलगायने स्कॅनर लावला. टर्बोकडून इंजिनाला जाणाऱ्या हवेचा दाब कमी दिसत होता. त्याने सेन्सर बदलला, एअर फिल्टर पाहिला, पाइपांवर साबणाचं पाणी मारून गळती शोधली. काही सापडेना. टर्बोजवळचा मोठा पाइप तेवढा त्याने उघडला नाही. का? तर तो आठवड्यापूर्वी त्याने स्वतः बसवला होता. आपल्याच कामावर संशय घ्यायची त्याला कधी वेळच आली नव्हती. शेवटी म्हणाला, "डिझेलच खराब असणार." मी घाईत होते. कार्डावर लिहून मोकळी झाले : इंधनात भेसळीचा संशय.

डिझेल भरायचे ड्रायव्हरकाका. साहेबांनी कार्ड वाचलं आणि ठरवून टाकलं, हा डिझेल काढून विकतो आणि वर भलतंच काहीतरी ओततो. पोलिसांत देऊ, की चोरी केली म्हणून लिहून देतोस? काकांनी लिहून दिलं आणि चाव्या टेबलावर ठेवून घरी गेले. हे आम्हाला नंतर कळलं. वाईट वाटलं, पण काका असं करतील असं वाटलं नव्हतं, एवढंच बोलून आम्ही कामाला लागलो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दोन महिन्यांनी नवा ड्रायव्हर तीच गाडी घेऊन आला. रडगाणंही तेच. टाकी धुऊन झाली होती, डिझेलचा फिल्टर नवा होता, आता डिझेलचं नाव घ्यायला जागा नव्हती. गोगलगायने मोठा पाइप उघडला. पलीकडे, हवा थंड करणाऱ्या जाळीच्या तोंडाशी, निळ्यावर पिवळी बदकं असलेलं एक फडकं तेलाने माखून चिकटलं होतं. तो उकिडवा बसला तो बसूनच राहिला.

"माझ्या पोरीचा फ्रॉक आहे," म्हणाला.

"टाक कचऱ्यात," मी म्हटलं. "पाइप बसव आणि गाडी दे. कोण बघतंय?"

हो, मीच म्हटलं. कार्डावर अक्षर माझं होतं ना! माझी पाचावर धारण बसली होती.

त्याने पाइप बसवला, गाडी फिरवून आणली. नुसता पाय टेकवला तरी पळत होती. मग फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो काउंटरपाशी आला. "साहेबांकडे जातोय. येणार?"

न जाऊन सांगते कोणाला? गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "माणूस आहे, होतं असं. आता पळतेय ना गाडी?"

"मग काकांना परत कामावर..."

"त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. काही केलंच नसेल तर कोण कशाला लिहून देईल?" असं म्हणून ते फोन बघायला लागले.

तिथून आम्ही थेट काकांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, तिच्यात एकच खुर्ची. काकूंनी दार उघडलं आणि त्या पडद्यामागे निघून गेल्या. काका निम्मे झाले होते. जिथे काम मागायला जावं तिथून साहेबांना फोन जायचा, त्यामुळे गाडी काही हाती आली नव्हती. एका गोदामात खोकी उचलत होते, कमरेला पट्टा बांधून.

त्यांनी गोगलगायला खुर्ची दिली, मला पलंगावर बसवलं. गोगलगायने काही म्हणता काही लपवलं नाही. "डिझेल मीच म्हणालो," तो म्हणाला. "आणि लिहिलं मी," मी म्हटलं.

काकांनी फडकं उलटसुलट करून पाहिलं. "अगं ऐकलंस का? चिंधी होती. चिंधी!"

"मग सही कशाला केलीत?" पडद्यामागून आवाज आला.

"पोलिसांत देतो म्हणाले गं."

"हे तुम्ही तेव्हाही सांगितलंत."

काकांनी फडक्याची घडी घातली. मग एकदम घाबरून त्यांनी गोगलगायला विचारलं, "साहेबांना सांगितलंत हे? अरे देवा. फार बोलले का तुम्हाला?"

गोगलगायला खोटं बोलताच येत नाही, मेल्याला. निदान त्या दिवशी तरी यायला हवं होतं.

"नाही," तो म्हणाला. "बसा म्हणाले. कॉफी मागवली."

"सोफ्यावर बसवलं?"

"हो."

"अकरा वर्षं त्या घरात जात होतो," काका म्हणाले. "सही केली तीसुद्धा उभ्यानेच, भिंतीला कागद लावून."

गोगलगाय ताडकन खुर्चीवरून उठला.

"बसा हो," काका म्हणाले. "तुम्ही बसा."