मावशीच्या घरातली माझी खुंटी

सुमनमावशी गेली, हे तिच्या मुलानं, बाळूदादानं फोनवर सांगितलं तेव्हा मी टेंभुर्णीच्या बाजारात मेथी घेत होते. जुडी हातात तशीच राहिली... आता महिना होत आला, तरी मेथी घरात आणलेली नाही.

मावशी माझ्या नात्याची नव्हे. वडील आधीच गेलेले, आई क्षयानं अंथरुणाला खिळलेली, म्हणून लहानपणी मला परतूरला तिच्याकडं सांभाळायला ठेवलं होतं. सरकारी भाषेत ते प्रतिपालक कुटुंब. मावशी तोंडानं भलती फटकळ, पण तव्यावरची पहिली भाकरी माझी. दारामागच्या खुंटीला माझं दप्तर अडकवून तिनं घरादाराला बजावलं होतं, "ही हिची. दुसऱ्या कोनी काई टांगायचं न्हाई." बाळूदादानं एकदा टोपी टांगली, तर मावशीनं ती थेट अंगणात भिरकावली. मला कोण आनंद झाला होता!

पुढं आई बरी झाली आणि चुलते न्यायला आले. सोबत बालकल्याणच्या बाई. ओट्यावर बसून दोघं माझा जायचा दिवस ठरवू लागले. मावशी चहा घेऊन आली ती कप हातात धरूनच म्हणाली, "लेकीला म्हायेरी न्यायला मुऱ्हाळी धाडतात, तो बी तिच्या जिवाचा मानूस बघून. हिला कोनी इचारलं का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आईसाठी मी झुरत होते, पण मनात भीती होती. ती खरंच बरी झालीय, की नुसतं सांगतायत?

"आई सोता आली तरच जाईन," मी म्हटलं.

"लहान तोंडी मोठा घास!" चुलते उखडले. "तिला येवढा परवास झेपतो व्हय?"

"झेपंल तवा न्या," मावशी म्हणाली. बाईंनाही ते पटलं.

दिवाळीनंतर आई आली. वाळलेली, पण स्वतःच्या पायांनी चालत. तिला बघून मी जी पळाले, ती मावशीचा निरोप घ्यायचंही विसरले. बसमध्ये चढताना आठवलं. ओरडून विचारलं, "माझी खुंटी?"

"हाय तिथंच ऱ्हाईल, जा आता!" डोळे पुसत ती माझ्यावरच खेकसली.

परवा परतूरला गेले. बाळूदादानं घर रंगवायला काढलंय. जुन्या खुंट्या सगळ्या उपटलेल्या, दारामागची तेवढी शिल्लक.

"आई म्हनाल्ती, तिला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "मंग, काढू का ठिवू?"

रंगारी ब्रश धरून थांबला होता. मी खांद्यावरची पिशवी काढली आणि खुंटीला अडकवली.