पुरणारा दिवा

शिवणकाम करणाऱ्या ताईची जीभ तिच्या कात्रीपेक्षा जास्त चालते, हे गिऱ्हाइकंही तोंडावर सांगत. तिला सगळं कळायचं. निदान तसं तिला वाटायचं, आणि उलट बोलायची कोणाची छाती नव्हती. धाकट्या भावाची तर नव्हतीच, आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलेलं.

धाकटा फरशी बसवायचा. वाकून वाकून कंबर गेली, दुखण्यावर गोळ्या सुरू झाल्या. दुखणं राहिलं बाजूला आणि गोळ्याच मानगुटीवर बसल्या. काम सुटलं, बायको माहेरी निघून गेली. शेवटी ताईने बखोटीला धरून त्याला व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात नेलं. तिथे रोज जिभेखाली ठेवायची गोळी मिळाली. त्या गोळीने तलफ आवरली, पण झोप नाही, जेवण नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड. मग डॉक्टरीणबाईंनी एक दिवा दिला, शाळेच्या पाटीएवढा, लख्ख पांढरा. सकाळी उठल्याबरोबर त्याच्यासमोर अर्धा तास बसायचं; मन उभारी धरतं, झोपेची घडी बसते. हा पूरक उपचार आहे, असं बाई म्हणाल्या.

पूरक म्हणजे पुरतं ते. ताईने अर्थ लावून टाकला. विचारायचं कशाला, मराठी काय तिला येत नव्हतं?

आणि दिव्याने खरंच गुण दिला हो! घरापुढच्या दुकानात, शिलाई मशीनच्या टेबलावर ती तो मांडायची, धाकटा चहा घेऊन समोर बसायचा, ती शेजारी काजं करत बडबडायची. हळूहळू त्याला झोप लागू लागली, तो दुसऱ्यांदा वाढून मागू लागला, एकदा तर तिच्या शिवणीला नावं ठेवून हसला. ताईला आभाळ ठेंगणं झालं. मग तिने ठरवलं की ती गोळी म्हणजे एक विष काढून दुसरं घालणं. दिवा पुरतोय, तर गोळी हवी कशाला? डबी कपाटात, कपाटाला कुलूप. धाकटा काहीतरी म्हणायला गेला, तिने बोलूच दिलं नाही.

दोन-चार दिवसांत त्याचं नाक वाहायला लागलं, जांभया थांबेनात. सर्दी झालीय, वाफ घे, असं ताईने फर्मावलं. तो घाम पुसत दिव्यासमोर बसायचा आणि तिने विचारलं की बरं आहे म्हणायचा. एका सकाळी मात्र त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून मशीनवर ठेवली. त्याच, कंबरेच्या.

"काल आणल्या. घेतल्या नाहीत अजून. पण आज घेईन, ताई. हा दिवा मला पुरत नाही गं."

राग ताईच्या ओठांपर्यंत आला, पण पट्टीतली एकही गोळी फोडलेली नव्हती, हे दिसलं आणि राग तिथेच विरला. तिने पट्टी उचलली, दुकानाचं शटर ओढलं, आणि त्याला घेऊन सरळ दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की खरं औषध ती गोळी, दिवा तिच्या जोडीला. पूरक म्हणजे जोडीचा. आणि ती सर्दी नव्हती, औषध तुटल्याचा त्रास होता. औषध तुटलं की शरीराची जास्त गोळ्या पचवायची सवय उतरते. अशात त्याने पूर्वीसारख्या मूठभर गोळ्या घेतल्या असत्या, तर झोपेतच श्वास थांबू शकला असता.

गोळी तिथल्या तिथे पुन्हा सुरू झाली. ती विरघळेपर्यंत बोलायचं नसतं, म्हणून धाकटा तोंड मिटून बाकावर बसला.

"आधी का नाही सांगितलंस?" ताईने विचारलं, आणि तिचे डोळे भरून आले. "कसा सांगशील म्हणा. मी बोलू दिलं तर ना. यापुढे मी ओरडले तरी सांग. मी खोटी पडले तरी चालेल रे, तू राहिला पाहिजेस."

त्याने तिचा हात धरला आणि मान हलवली. एरवी समोरचा गप्प असला की त्याच्या वाटचंही ताईच बोलून टाकायची. त्या दिवशी मात्र ताई गोळी विरघळेपर्यंत थांबली, आणि मग त्याने सांगितलेलं सगळं तिने मधे न बोलता ऐकलं.