स्वतः पाहिलंस?

आमच्या वर्तमानपत्राची कचेरी बंद पडून बरीच वर्षं झाली. तिथला कळकट चहा मला अजून आठवतो, आणि त्याहून जास्त आठवतो तो आमचा बातमीदार. त्याचं टोपणनावच पडलं होतं ‘स्वतः’. मी त्याच्या बातम्यांना कात्री लावणारा उपसंपादक. कागद टेबलावर आदळला की मी विचारायचो, “स्वतः पाहिलंस?” तो छाती पुढे काढून म्हणायचा, “स्वतः, दादा!” टाकी फुटली की हा टाकीवर चढणार, गटार तुंबलं की काठी घालून बघणार. त्याच्या चपलांच्या चिखलावरून शहरात कुठे काय बिघडलंय ते आम्हाला कळायचं.

ओढ्यावरच्या लोखंडी पुलाचा त्याला ध्यास होता. पलीकडची पोरं त्यावरून शाळेत यायची आणि पायाखालचे पत्रे गंजून चाळण झालेले. पालिकेचं उत्तर ठरलेलं, ‘विषय विचाराधीन आहे.’ शेवटी तो वैतागला. “लिहिणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आता निवडणुकीलाच उभा राहतो.”

त्याच्या घरी वहिनी म्हणाल्या, “आधी मोरीतला नळ दुरुस्त करा, मग गावाचा पूल.”

नळ गळत राहिला आणि हा निवडून आला. मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. नवे बातमीदार फोनवरून बातम्या गोळा करायचे. कुणाच्या चपलेला चिखल म्हणून नाही.

वर्षभरानं नगरसेवक साहेब आले. कडक इस्त्री, चकचकीत बूट. टेबलावर निवेदन ठेवलं: पुलाची दुरुस्ती पूर्ण, उद्या शाळेच्या वेळेला खुला.

“पहिल्या पानावर घ्या, दादा.”

सवयीनं तोंडातून निघून गेलं, “स्वतः पाहिलंस?”

“अभियंत्यांनी सांगितलंय. ठेकेदार आमच्याच पक्षाचा आहे, तो कशाला खोटं बोलेल?”

मी त्याच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. तोही बुटांकडे बघायला लागला. मग निवेदन तिथंच टाकून निघून गेला.

संध्याकाळी परतला तो गुडघ्यापर्यंत चिखलात. जुन्याच पत्र्यांना रंग फासला होता आणि एका ठिकाणी ह्याचा पाय आरपार गेला होता. त्यानं निवेदन फाडलं आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसून लिहायला घेतलं.

“पक्ष तुला पुन्हा उभा करणार नाही,” मी म्हणालो.

“माहितेय. पण उद्या पोरं जातील ना त्यावरून!”

त्या बातमीतला एकही शब्द मी कापला नाही. आयुष्यात तेवढं एकदाच.

पूल दुसऱ्या दिवशी खुला झालाच नाही आणि पुढे नवा उभा राहिला. ह्याचं तिकीट कापलं गेलं. अपक्ष लढला आणि सपाटून आपटला. निकालाच्या दिवशी जिन्यावर ओळखीची पावलं वाजली.

“पडलास म्हणे?” मी विचारलं.

“पडलो. स्वतः पाहिलंय, दादा.”

मी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. चपला होत्या. मग त्याची खुर्ची पुढे ओढली. तो नसताना तिच्यात मी कुणाला बसू दिलं नव्हतं.