देवाच्या पत्रिकेचं पॅकिंग

लग्नपत्रिका हातात आली की भिवा मेस्त्री ती वाचत नसत. चिमटीत धरून चोळत. "ह्या पातळ. तेल गळतला," म्हणाले की यजमानाचा चेहरा पडे. जाड निघाली की खूश. "ह्या लग्न टिकतला!" इंजिनाच्या दोन भागांमधून तेल गळू नये म्हणून कागदी पॅकिंग घालतात ना, ते मेस्त्री पत्रिकांचंच करत. आमच्या गावातले निम्मे पंप कुणाच्या ना कुणाच्या लग्नावर चालत होते, खोटं नाही सांगत.

आमच्या शुभाच्या लग्नाला चार दिवस उरले आणि पंप बसला. विहीर खाली बागेत, तिथे वीज नाही. मांडवापर्यंत पाणी चढवायचं ते रॉकेलवरच्या जुन्या इंजिनानेच. नवं घ्यायची ऐपत नव्हती. मेस्त्रींनी ते खोललं. "वयनी, ह्येका दमो झालो आसा." कणकवलीहून फक्त पिस्टनच्या रिंगा आणल्या, बाकी सगळं घासून-पुसून जुनंच. आणि ते सुटे भाग धुवायला घेतली माझी परात!

"मेस्त्री, ती वड्यांच्या पिठाची!"

"म्हणानच घेतलंय. स्वच्छ आसा."

अडलं ते पॅकिंगपाशी. हल्ली आमंत्रणं सगळी फोनवर. "मोबायलावरल्या पत्रिकेचा पॅकिंग कसा कापू, वयनी?" आम्हीही तेच केलेलं. जाड अशी एकच छापलेली, देवापुढे नारळाबरोबर ठेवलेली. मेस्त्रींची नजर तिच्यावर गेली. आमचे हे देव्हाऱ्याला आडवे उभे राहिले.

"भिवा, देवाचा आमंत्रण आसा ता!"

"देवाक तोंडी सांगूया मरे!"

आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरूच केलं. "बा देवा म्हाराजा, आयतवारी शुभाचा लगीन. पत्रिका पंपाक लागता. पाणी नाय गावला तर पावणे जेवान हात खंय धुतले? तेवा रागावू नको, जेवाक मात्र ये!"

आमचे हे रागाने लाल. पण गाऱ्हाणं ऐकलं की मागून साथ द्यायची तोंडाला जन्माची सवय. निघूनच गेलं, "व्हय म्हाराजा!"

झालं. देवासमोर होकार दिला, आता बाजूला व्हावंच लागलं. मेस्त्रींनी पत्रिका इंजिनावर धरली, कडेकडेने हातोडी टकटकवली आणि जसंच्या तसं पॅकिंग कापून काढलं. दोरी ओढली, इंजीन नुसतं खोकलं. पुन्हा ओढली, पुन्हा खोकलं. तिसऱ्यांदा मांडवात पाणी आलं, ते थेट ह्यांच्या धोतरावर. लग्नात देवाचं पान मेस्त्रींनी स्वतः मांडलं. "तोंडी बोलावलेलो पावणो. मान जास्त करूक व्हयो."

मेस्त्री जाऊन दोन वर्षं झाली. पंप चालतो आहे. शुभा माहेरी आली की चहाच्या आधी बागेत जाऊन तेल गळतं का बघून येते.

आता धाकट्याचं ठरलंय. म्हणतो, "आये, पत्रिका मोबायलावरच धाडूया." म्हटलं, धाड. पण दोन जाड छापून आण. एक देवापुढे. दुसरी मी मेस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीत नेऊन ठेवणार आहे. त्याआधी चिमटीत धरून चोळून बघेन. पातळ निघाली तर छापखान्याला परत.